वर पावडर, लहान उतार बंद

"वर पावडर! ताजी, भुसभुशीत! मधी टणक, सांभाळून! लहान उतार बंद!"

नाशकात सातपूरच्या चाळीत आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हे ऐकलं आणि डबा घेऊन पळाले. मला वाटलं वरच्या मजल्यावर दुधाची पावडर वाटतायत. आमच्या गावाला, घोटीच्या पुढं, अंगणवाडीत अशी पावडर कधीमधी यायची, आणि उशिरा गेलेल्या बाईला नुसता गोणीचा वास मिळायचा. म्हणून मी पळाले. ओंकार कडेवर, हातात डबा, त्या जिन्याला कठडा नाय, मला जिन्याची लय भीती, तरी पळाले.

वर जाऊन बघते तर कोण नाय. रांग नाय, गोणी नाय. एक म्हातारा तेवढा गॅलरीत उभा. डोक्याला कानटोपी, तिच्यावर मफलर, दोन स्वेटर, खाली लेंगा. कंपनीच्या धुराड्याकडं बघत ओरडत होता.

मी दम खात विचारलं, "पावडर कुठं देतायत?"

"वर," तो म्हणला आणि बोट धुराड्याच्या पल्याड, लांब दाखवलं.

"किती हाय?"

"यंदा कमरेएवढी," म्हातारा म्हणला. लय समाधानानं म्हणला.

तेवढ्यात शेजारच्या दारातून शकुंतलावहिनी आल्या, माझ्या हातातला डबा बघितला आणि भिंतीला धरून हसायला लागल्या. "अगं बाई, ती बर्फाची पावडर! ते नानांचं रोजचं हाय!" पुढं कितीतरी दिवस चाळीतल्या बायका मला नळावर विचारायच्या, "काय गं, मिळाली का पावडर?"

ते दगूनाना. पोरं त्यांना बर्फनाना म्हणायची.

नाना मूळचे आपल्या इकडचेच. तरुणपणी देवळालीला लष्करातल्या एका साहेबाकडं स्वयंपाकाला होते. साहेब नोकरीतून मोकळा झाला आणि हिमाचलात डोंगरावर त्यानं हॉटेल काढलं, तर नानांना संगं घेऊन गेला. हॉटेलच्या मागं बर्फाचे उतार. थंडीत लांबलांबची माणसं तिथं यायची, पायाला लांब फळ्या बांधायची आणि वरून खाली घसरायची. हौस म्हणून. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच वाटलं नाय. आमच्याकडं माणूस शेवाळावरनं घसरला तर त्याला उचलून दवाखान्यात नेतात.

उतार तीन. वरचा पक्क्या लोकांचा, मधला अर्ध्याकच्च्यांचा आणि लहान उतार पोरांचा. रोज सकाळी साहेब बाहेरच्या फळ्यावर इंग्रजीत लिहायचा, कुठं बर्फ कसा हाय, वारा कुठला हाय, काय चालू, काय बंद. नानांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून साहेबाला विचारून ते ओरडून सांगायचे. ताजा मऊ बर्फ पडला की ती पावडर. रात्री गोठून दगड झाला की टणक. मग साहेब गेला, नानांचे गुडघे गेले, नाना नाशिकला परत आले. ओरडायचं तेवढं राहिलं.

इथं बसून त्यांना तिथलं कसं कळायचं? तर पंचवटीच्या मार्केटात सफरचंदाचे ट्रक यायचे. नाना बस धरून तिकडं जायचे, सरदारजी ड्रायव्हरला चहा पाजायचे आणि विचारायचे, घाटात बर्फ कसा हाय, देवदाराच्या फांद्या वाकल्या का, वारा कसला सुटलाय. ट्रक नसले की गुडघ्यावरून सांगायचे. डावा दुखला की ढग. उजवा दुखला की वारा. दोन्ही दुखले की उतार बंद.

मे महिन्यात, इथं पत्रे तापून भाकरी भाजल त्यावर, तरी नाना गॅलरीत. "वर बर्फ कुजका! मधी खडक उघडे! लहान उतार बंद!" कपाळावरनं घाम आणि गळ्यात मफलर.

चाळीला त्याची सवय झाली होती. सवय कसली, ती चाळीची भाषाच झाली होती. आमचे हे पहिल्या पाळीला निघाले की जिन्याखालून हाक मारायचे, "नाना, जाऊ का कंपनीत?" नाना वरून म्हणायचे, "मधला टणक हाय, जपून." आणि खरंच त्या दिवशी सुपरवायझर ह्यांच्यावर गुरगुरलेला असायचा. शकुंतलावहिनींचा नवरा घरात शिरायच्या आधी आमच्या दारात थांबून हळूच विचारायचा, "वहिनी, वर आज काय, पावडर का टणक?" मी त्याच्या बायकोचं तोंड सकाळी बघितलेलं असायचं, मी सांगायचे.

नानांचा दुसरा शब्द म्हणजे शाब्बास. कोण पडलं की शाब्बास. एकदा टँकरचं पाणी सांडून अंगणात चिखल झाला होता आणि चाळीचा मालक मोपेडवरून आला तो सरळ आडवा. आम्ही सगळ्या बायका पदर तोंडाला लावून गप. वरून नाना टाळ्या वाजवत, "शाब्बास! कुशीवर पडलास! हात बाहेर नाय काढले! असंच पडायचं!" मालक चिखलातनं वर बघत म्हणला, "नाना, खोली खाली करा." नाना म्हणले, "गुडघे ढिले सोड आधी, मग ऊठ."

गुडघे ढिले, नजर पुढं. हा तिसरा. भाजी घेताना, जिना उतरताना, कोणाला परीक्षेला जाताना, सगळ्यांना एकच. ते स्वतः जिना आडवे चढायचे, खेकड्यासारखे, एक पाय, मग दुसरा. फळ्या बांधल्यावर असंच चढतात म्हणे. पायात चपला असल्या तरी नाना आडवेच.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय नानांचं सांगता येत नाय.

मी लय घाबरट. सातवीपर्यंत शिकले तेपण घाबरत घाबरत. लग्न होऊन नाशकात आले तर गॅसची भीती, रस्त्याची भीती, कुत्र्याची, नळावरच्या बायकांची. आणि ओंकार झाल्यावर तर सगळी भीती त्याच्यावरच जाऊन बसली. खाली ठेवलं तर मुंगी चावंल. दार उघडं राहिलं तर गटारीत जाईल. म्हणून दाराला दिवसभर कडी आणि ओंकार दिवसभर कडेवर. भाकरी थापायची एका हातानं. खरंच थापायची.

त्याच्या बरोबरीची पोरं अंगणात पळायला लागली आणि आमचा बसून. धरून उभा राहायचा, सोडलं की मटकन खाली. डॉक्टरीणबाईंनी पाय हलवून बघितले, म्हणल्या, पाय चांगले हायत, खाली सोडत जा त्याला. मी बरं म्हणले आणि कडेवर घेऊनच घरी आले.

दिवाळीला सासूबाई आल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्यांनी ओंकारला बघितलं, मला बघितलं आणि ह्यांच्यासमोर सांगून टाकलं, "संक्रांतीला मी येते. तवर चालला नाय तर मी त्याला गावाला नेणार. माझ्या अंगणात महिन्यात पळंल. ही त्याला पांगळा करून ठिवंल." ह्यांनी मान हलवली का नाय ते मला दिसलं नाय, मी बघितलंच नाय तिकडं.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. दिवसभर हिकडं तिकडं. पातेलं चढवायचं, विसरायचं, ओंकारचे पाय चोळायचे, पुन्हा उठायचं. एका सकाळी नाना जिना आडवा उतरत होते, मी दारात रडत होते, ते थांबले.

"काय झालं गं पोरी?"

मी सगळं सांगितलं. नानांनी ओंकारकडं लय वेळ बघितलं, जसं धुराड्याकडं बघायचे तसं. मग विचारलं, "हा पडलाय किती वेळा?"

"पडला? नाय ओ नाना! एकदापण पडू दिला नाय मी त्याला!"

"मग चालंल कशाला? त्याला खाली काय हाय तेच म्हाईत नाय. आमच्याकडं पोरगं आलं की पहिला दिवस नुसतं पडायचं. फळीबिळी नंतर."

दुसऱ्या दिवशी नानांनी त्यांची गादी जिन्यावरून खाली ढकलली. आमच्या दारापुढं अंगणाला जरासा उतार हाय, पाणी जायला केलेला, तिथं अंथरली. वरच्या बाजूला ओंकारला उभा केला, खालच्या बाजूला स्वतः उकिडवे बसले, दोन्ही हात पसरून. मी मधी पदर धरून. नानांनी मला बाजूला केलं, "तू उतार सोड. रहदारीला अडचण हुते."

ओंकार पडला. माझ्या तोंडातून किंचाळी. नाना म्हणले, "शाब्बास!"

ओंकारनं नानांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, रडायचं का हसायचं ते ठरवलं आणि हसला. मग रोज हेच. पडला की त्याला आधी वर बघायची सवय लागली, शाब्बास कुठून येतंय ते. पण पाऊल काय टाकंना. उभा राहायचा, डुलायचा, बदकन बसायचा. नाना म्हणायचे, "बर्फ जमतोय. घाई नाय."

एकदा मी त्यांना विचारलं, "नाना, वर कधी पावडर, कधी टणक, रोज बदलतं. लहान उतार रोज बंदच कसा? इतकी वर्षं?"

नाना हसले. "अगं, स्वयंपाक झाला की लहान उतार माझ्याकडं असायचा. सगळ्यांत खाली मी उभा. पोरं वरून यायची, मी झेलायचो. कुणाकुणाची पोरं! आता मी हिथं. उघडणार कोण?"

मग गादी झटकता झटकता म्हणले, "आमची मंदा चालली ना, तवा मी तिथंच होतो, लोकांची झेलत. उन्हाळ्यात आलो घरी. ट्रंक खांद्यावर. तर ही दारात खेळत होती. मला बघितलं आणि आत पळाली. पळाली बरं का! चालणं राहिलंच बघायचं, एकदम पळतानाच बघितलं. आणि आत जाऊन वरडली, आई, पाहुणं आलं!"

नाना हे सांगून एवढे हसले, एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणलं. मंदाताई आता मनमाडला, जावई रेल्वेत. वर्षाकाठी एकदा येती, पाय धरती, जेवती, संध्याकाळच्या गाडीनं जाती. मी बघितलंय तिला. नाना त्या दिवशी कानटोपी काढून, केस विंचरून बसतात. तेच पाहुण्यासारखे दिसतात.

संक्रांत आली. शकुंतलावहिनींनी ठरवलं ओंकारचं बोरन्हाण करायचं. आमच्यात नसतं, पण चाळीत सगळ्या करायच्या. काळं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने केले. डोक्यावरनं बोरं, कुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि पोरांनी लुटायचं. नाना म्हणले, "बोरं मी आणतो, मार्केटात चांगली मिळतात. ट्रकवाल्यांनापण भेटायचंय." आणि सकाळीच गेले. आत्याबाई दुपारच्या गाडीनं येणार होत्या.

मी तिळाचे लाडू वळत होते. ओंकार पाण्याचं पिंप धरून उभा. मी बघतेय तर त्यानं पिंप सोडलं. एक पाय उचलला. मग दुसरा. मग आणखी. डुलत डुलत आला तो थेट माझ्या परातीपाशी, आणि लाडूत हात घातला.

मी ओरडायला तोंड उघडलं. सगळी चाळ गोळा केली असती मी. उघडलं आणि तसंच ठेवलं. मला एकदम ते आठवलं, आई, पाहुणं आलं.

आणि मी काय केलं, तर ओंकारला धरला आणि खाली बसवला.

इतके महिने ज्याच्यासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, ते पोर चालत होतं आणि मी त्याला बसवत होते. "थांब रे राजा, नाना येऊ दे. थांब जरा." तो पुन्हा उठला. मी पुन्हा बसवला. बटाटा दिला खेळायला, तो फेकला. परातीत बसवला, परातीतनं उठला. शेवटी मांडीवर घेऊन दाबून धरला, तो लाथा मारायला लागला. चटका लागल्यासारखं झालं होतं त्याला. आणि मलापण. दाराशी जायचे, बस आली का बघायचे, परत यायचे.

आल्या त्या आत्याबाई. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पांगुळगाडा. नवा, लाल चाकांचा. दारातनंच म्हणल्या, "बसलेलाच का अजून?"

"थंडी हाय ना आत्याबाई, म्हणून घेतलाय."

"सोड त्याला खाली."

"सोडते ना."

"अगं सोड की! धरून काय बसलीस? तूच धरून ठिवती त्याला!"

आता ते तर खरंच होतं. मी त्याला कडेवर घेऊनच चहा ठेवला. आत्याबाईंनी पांगुळगाडा भिंतीला लावला, चहा पिला आणि म्हणल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन जाते. कपडे बांधून ठेव त्याचे. तुला यायचं तर ये."

एक शब्द बोलले असते तर संपलं होतं. आत्याबाई, चाललाय तो, सकाळीच चाललाय. जिभेवर आलं होतं. पण मग नानांना काय राहिलं असतं? पुन्हा पळतानाच बघायचं. आणि दुसरी भीती तर त्याहून मोठी. एकदाच चालला असंल तर? मी बसवून बसवून त्याची हौसच मोडली असंल तर? मग नानांना पण नाय, मलापण नाय, आणि उद्या पोर गाडीत.

बायका जमल्या. ओंकारला काळं झबलं घातलं, हलव्याचा मुकुट घातला, पाटावर बसवला. बोरंच नव्हती. "नाना कुठं राहिले?" "ट्रकवाल्यांनी नेलं वाटतं हिमाचलात!" "सुरू करा की नुसत्या कुरमुऱ्यावर." मी म्हणलं, "नाय." सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी चाळीत कधी नाय म्हणले नव्हते. आत्याबाईपण बघायला लागल्या.

आणि फाटकातनं नाना आले, पिशवी छातीशी धरून. "बस बंद पडली गं! घाटात नाय, द्वारका चौकात!"

ओतलं मग सगळं. कुरमुऱ्याचं सूप ओंकारच्या डोक्यावर रिकामं झालं, पाट, फरशी, सगळं पांढरं. नाना भिंतीकडंला उकिडवे बसले होते, त्यांनी हात वर केला, "वर पावडर! ताजी!" बायका हसल्या. पोरं बोरांवर तुटून पडली.

ओंकार बसून कुरमुरे खात होता. एक एक उचलून. उठायचं नावच नाय. सकाळपास्नं मला छळलं आणि आता बसला शेठजीसारखा. आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

नाना त्याच्याकडं बघून हळूच म्हणले, "गुडघे ढिले. नजर पुढं."

ओंकार उठला. डुलला. बदकन पडला, मुकुट तुटला. मी हलले नाय. नाना म्हणले, "शाब्बास."

पुन्हा उठला. आणि आला. कुरमुरे पायाखाली चरचर वाजत होते आणि तो येत होता, दोन्ही हात वर करून, कोणाकडं बघितलं नाय, माझ्याकडंपण नाय, सरळ भिंतीकडं. शेवटी शेवटी तर पळालाच, आणि नानांच्या स्वेटरात तोंड खुपसून थांबला.

बायकांचा गलका झाला. आत्याबाई ओरडल्या, "चालला गं माझा राजा! बघितलं का, गाडा नुसता भिंतीला लावला तर चालला!"

नानांचं शाब्बास नाय, काय नाय. ओंकारला तसाच धरून बसले होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "पहिल्यांदाच ना गं?"

"पहिल्यांदाच, नाना."

नानांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला, तोंडावरनं गुंडाळला, नुसते डोळे बाहेर. म्हणले, "वारा सुटलाय."

घरात कुठला वारा.

दुसऱ्या सकाळी आत्याबाई चहा घेत होत्या. पोराला नेण्याचं काय बोलल्या नाय, पांगुळगाड्याचं कौतुक चाललं होतं. वर गॅलरीत पावलं वाजली.

"वर पावडर! ताजी! मधी टणक, सांभाळून!"

मग गप. नळावरच्या बायकापण गप झाल्या, कारण पुढचं सगळ्यांना पाठ होतं. नाना खोकले. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"लहान उतार चालू!"

"हे काय असतं गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय नाय, आत्याबाई. हवामान सांगतायत."

मी उठले, दाराची कडी काढली आणि ओंकारला उंबऱ्याबाहेर सोडला. तो निघाला, अंगणाच्या उतारावर आला आणि पालथा पडला. माझा पाय उचलला होता पळायला. मी तो खाली ठेवला. ओंकारनं मान वर केली आणि गॅलरीकडं बघितलं.

"शाब्बास!"